कान आधी पाहावा, मग पुसावा

प्रश्न : माझा मोती चार वर्षांचा असून तो कॉकर स्पॅनियल जातीचा आहे. त्याच्या कानांत मळ फार साचतो, म्हणून मी दर रविवारी इअरबडने त्याचे कान साफ करते. दोन आठवड्यांपूर्वी उजवा कान कोरत असताना तो एकाएकी केकाटला आणि माझ्या हातून निसटून पळाला. तेव्हापासून इअरबडची डबी दिसली, की तो पलंगाखाली जाऊन बसतो. त्या कानातून तपकिरी घाण येते, तिला वास येतो आणि तो दिवसभर डोके झटकत असतो. डावा कान मात्र ठीक दिसतो. एका परिचितांनी हायड्रोजन पेरॉक्साइड घालायला सांगितले आहे, तर दुसऱ्यांनी कोमट तेल. नेमके काय करावे? कुत्र्याचे कान घरी साफ करावेत, की त्या वाटेला जाऊच नये?

उत्तर : तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगतो, आणि ती आजपासूनच पाळावी अशी माझी विनंती आहे. मोतीच्या उजव्या कानात आता काहीही घालू नका आणि तो कान कोरूही नका. पेरॉक्साइड नको, तेल नको, आणि कुत्र्यांसाठी खास बनवलेले चांगले द्रावणसुद्धा तूर्त नको. दुर्गंधी, तपकिरी स्राव, सतत डोके झटकणे आणि हात लावताच होणारी वेदना, अशी चार लक्षणे एकाच कानात दिसत असतील, तर तो कान पशुवैद्यांनी आत दुर्बीण घालून पाहायलाच हवा. हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका. एक-दोन दिवसांत त्याला घेऊन जा. मधल्या काळात त्याच्या वेदनेसाठी माणसांची कोणतीही वेदनाशामक गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी आपल्याला साधी वाटणारी गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना गंभीर इजा करू शकते.

आता इअरबडविषयी. तुम्ही दर आठवड्याला नेमाने वेळ काढून त्याचे कान साफ करत होता, त्यामागची माया मला तुमच्या पत्रातून दिसते, आणि म्हणूनच ही सवय का सोडावी हे नीट समजावून सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि जवळजवळ सरळ असते. कुत्र्याची नळी त्याच्या जातीनुसार आणि आकारमानानुसार सुमारे पाच ते दहा सेंटिमीटर लांब असते, आणि ती आधी खाली उतरते, मग जवळपास काटकोनात आतल्या बाजूला वळते व त्या आडव्या भागाच्या शेवटी पडद्यापाशी पोचते. इअरबडचे टोक उभ्या नळीत उतरले, की कडेचा थोडा मळ कापसाला लागून बाहेर येतो आणि कान साफ होत असल्याचे समाधान मिळते. परंतु त्याहून कितीतरी अधिक मळ काडीच्या पुढे ढकलला जाऊन त्या वळणापाशी ठासून बसतो, आणि आठवड्यामागून आठवडे हेच होत राहिले तर तिथे त्याची गुठळी तयार होते. शिवाय नळीचे अस्तर अतिशय नाजूक असते. कापूस आपल्या बोटाला मऊ लागतो, पण त्या अस्तरावर तो घासला गेला की सूक्ष्म ओरखडे उठतात, त्यातून सूज येते, सुजेमुळे नळी अरुंद होते आणि अरुंद, ओलसर, उबदार नळी ही जंतूंना वाढायला अगदी सोयीची जागा ठरते. कुत्र्याने ऐन वेळी मान झटकली तर पडद्याला इजा होण्याची भीतीही असतेच.

खरे तर निरोगी कान स्वतःला साफ करत असतो. पडद्यावरच्या आणि नळीच्या अस्तरावरच्या जुन्या पेशी हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत राहतात आणि येताना मळालाही सोबत घेऊन येतात. तो मळही अगदी निरुपयोगी नसतो. नळीतल्या ग्रंथींचा स्निग्ध स्राव आणि गळून पडलेल्या पेशी यांचे ते मिश्रण अस्तराला पाण्यापासून, धुळीपासून आणि जंतूंपासून संरक्षण देते. म्हणून कान आरशासारखा लखलखीत करण्याचा आग्रह धरू नये. जो मळ आपोआप वर येऊन कानाच्या तोंडाशी आणि पाळीच्या आतल्या घड्यांत जमतो तेवढाच आपण पुसून घ्यायचा असतो.

यासाठी आधी निरोगी कान कसा दिसतो हे डोळ्यांना आणि नाकाला ठाऊक असावे लागते. तुमच्या सुदैवाने मोतीचा डावा कान ठीक आहे, तर आज त्याला काही न घालता तो कान फक्त पाहा. पाळी वर उचला. आतली कातडी फिकट गुलाबी आणि कोरडी असेल, घड्यांमध्ये फिक्या पिवळ्या किंवा हलक्या तपकिरी मळाचा एखादा पुसट थर असेल, नाक जवळ नेले तर फारसा वास येणार नाही, आणि बोटाने मुळाशी हळूच चोळले तर मोती मान त्याच बाजूला कलवून डोळे अर्धवट मिटेल. ही त्याची नेहमीची स्थिती. तिच्याशी ताडून पाहिले, की बिघाड लगेच ओळखू येतो. कातडी लाल आणि गरम लागणे, आंबूस किंवा कुजकट वास, गडद चॉकलेटी आणि चिकट मळ, पिवळट किंवा हिरवट पू, रक्त, कान सतत खाजवणे किंवा फरशीवर घासणे, कानाला हात लावू न देणे, यांपैकी काहीही दिसले तर कापूस बाजूला ठेवावा आणि पशुवैद्यांची वेळ घ्यावी. कॉफीच्या भुकटीसारखे काळपट, कोरडे कण आणि त्याबरोबर भयंकर खाज असेल, तर कानात राहणाऱ्या सूक्ष्म माइट्सची शंका घ्यावी लागते, विशेषतः लहान पिल्लांमध्ये. आणि तसे निघाले तर घरातल्या इतर कुत्र्यामांजरांवरही उपचार करावे लागतात, कारण हे किडे एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातात.

काही लक्षणे मात्र एक दिवसही थांबण्यासारखी नसतात. मान एका बाजूला कायम कललेली राहणे, चालताना तोल जाणे किंवा गोल गोल फिरणे, बुबुळे आपोआप इकडून तिकडे हलत राहणे, चेहऱ्याची एक बाजू ओघळल्यासारखी दिसणे किंवा अचानक ऐकू न येणे, यांचा अर्थ त्रास पडद्याच्या पलीकडे, मधल्या किंवा आतल्या कानापर्यंत पोचला असण्याची शक्यता आहे. तसेच डोके झटकून झटकून पाळीतली रक्तवाहिनी फुटली, तर पाळी उशीसारखी फुगते. मोती दिवसभर डोके झटकत असल्याचे तुम्ही लिहिले आहे, म्हणून त्याच्या उजव्या पाळीवर रोज हात फिरवून पाहा आणि ती जाड किंवा लिबलिबीत लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल माझे मत स्पष्ट आहे : कुत्र्याच्या कानात ते घालू नये. ते फसफसते तेव्हा मळ निघत असल्यासारखे वाटते, परंतु सुजलेल्या अस्तराची त्याने आणखी आग होते आणि मागे उरतो तो केवळ ओलावा. स्पिरिटने ओरखड्यांची इतकी आग होते, की कुत्रा पुन्हा कधी कानाला हात लावू देईल याची शाश्वती राहत नाही. व्हिनेगरही सोललेल्या जागी झोंबते. तेलाने आग होत नाही हे खरे, म्हणूनच ते निरुपद्रवी वाटते. पण ते मळाला धरून ठेवते, नळीत हवा खेळू देत नाही आणि तपासणीच्या वेळी पशुवैद्यांना पडदा दिसू देत नाही. या सगळ्यांहून मोठी अडचण अशी, की पडदा शाबूत आहे की फाटला आहे हे बाहेरून कोणालाही सांगता येत नाही. पडदा फाटलेला असेल तर एरवी सुरक्षित असणारी अनेक द्रावणे आणि काही थेंबांची औषधेही मधल्या कानात उतरून ऐकण्याची शक्ती आणि शरीराचा तोल यांना अपाय करू शकतात. इअरबड वापरताना मोती केकाटला आहे, त्यामुळे त्याच्या बाबतीत ही शंका मनात धरूनच चालले पाहिजे. मागच्या वेळचे उरलेले थेंब किंवा दुसऱ्या प्राण्यासाठी दिलेले औषध घालू नये, ते याच कारणासाठी.

पशुवैद्य काय करतील हेही सांगून ठेवतो, म्हणजे तुमच्या मनावर ताण राहणार नाही. ते ऑटोस्कोप नावाच्या छोट्या दुर्बिणीतून नळी आणि पडदा पाहतील, मग थोडा स्राव काचपट्टीवर घेऊन, त्याला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासतील. पावलाच्या ठशासारख्या दिसणाऱ्या पेशी असतील तर ते मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट. गोल किंवा काडीसारखे जिवाणू असतील तर औषध वेगळे. वरवर सारखाच दिसणारा तपकिरी मळ आतून इतका निराळा असू शकतो, आणि म्हणून नुसत्या रंगावरून औषध ठरवणे धोक्याचे असते. कान फारच दुखत असेल तर ते त्याला गुंगी देऊन तपासणी आणि सफाई करतील, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. दुखऱ्या कानाशी जागेपणी झटापट करण्यापेक्षा ते प्राण्याला कितीतरी सुखाचे असते.

यासाठीच तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस कान साफ करू नये. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ त्यांची लॅब्रॅडोर कुत्री घेऊन आले होते. दवाखान्यात घाणेरडा कान दाखवायचा कसा, या संकोचाने त्यांनी त्याच सकाळी तिचा कान इतका पुसला होता, की काचपट्टीवर घेण्यासारखे काही उरलेच नव्हते, आणि नळी मात्र चोळून चोळून लालबुंद झाली होती. तीन दिवसांनी त्यांना पुन्हा यावे लागले. पशुवैद्यांसमोर कान घाण असला तरी लाज वाटू देऊ नका. आम्हाला तो मळ पाहायचा असतो.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते, ती म्हणजे त्रास एकाच कानात आहे. दोन्ही कान पुन्हा पुन्हा बिघडत असतील, आणि त्याबरोबर कुत्रा पंजे चाटत असेल, काखा किंवा पोट खाजवत असेल, तर मूळ कारण बहुधा ॲलर्जी असते. यीस्ट आणि जिवाणू हे मागून येऊन बस्तान बसवतात. अशा वेळी कितीही थेंब घातले तरी ॲलर्जीचा बंदोबस्त होईपर्यंत कान पुन्हा बिघडतच राहतो. एकच कान अचानक बिघडला तर त्या कानात काहीतरी शिरले आहे का, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. गवताचे कुसळ हे त्याचे नेहमीचे कारण; त्याच्या टोकाची रचनाच अशी असते, की ते पुढे सरकते पण मागे येत नाही. दुसरे कारण मी स्वतः चिमट्याने बाहेर काढलेले आहे : इअरबडच्या टोकावरून सुटलेला कापसाचा बोळा, मळात भिजून काळा झालेला आणि नळीच्या वळणापाशी घट्ट बसलेला. मोतीच्या बाबतीत असेच घडले आहे असे मी म्हणत नाही, परंतु तुम्ही इअरबड वापरत होता ही गोष्ट पशुवैद्यांना अवश्य सांगा. पुष्कळ जण ओशाळून ती लपवतात आणि मग आम्ही भलतीकडेच शोधत बसतो.

कान बरा झाल्यानंतर घरी काळजी कशी घ्यायची, याकडे आता वळतो. घरी कान साफ करावेत, पण योग्य साधनांनी आणि कान निरोगी असताना. साधने अगदी मोजकी लागतात : पशुवैद्यांनी सुचवलेले, कुत्र्यांच्या कानासाठीच बनवलेले, स्पिरिट नसलेले द्रावण, कापसाचे मोठे बोळे किंवा गॉजचे तुकडे, एक जुना पंचा आणि त्याच्या आवडीचा खाऊ. साधे पाणी वापरू नये, कारण ते मळ विरघळवत नाही आणि आत ओल मात्र ठेवून जाते. या द्रावणांत मळ सैल करणारे आणि नंतर नळी लवकर कोरडी होऊ देणारे घटक असतात.

बाटली थंड असेल तर ती काही मिनिटे दोन्ही तळव्यांत धरा किंवा कोमट पाण्याच्या भांड्यात उभी ठेवा. गार द्रव कानात गेला तर कुत्रा दचकतो, आणि क्वचित त्याला गरगरल्यासारखेही होते. जमिनीवर बसा, मोतीला तुमच्या गुडघ्यांच्या मध्ये, त्याची पाठ तुमच्याकडे असेल असे बसवा, म्हणजे त्याला मागे सरकायला जागा राहणार नाही आणि तुम्हाला त्याच्यावर ओणवे व्हावे लागणार नाही. घरातले दुसरे कोणी समोर बसून त्याच्याशी बोलत राहिले तर फार बरे. एका हाताने पाळी हलकेच वर आणि किंचित मागे उचलून धरा. त्यामुळे उभी नळी सरळ होते. बाटलीचे तोंड कानाच्या तोंडाशी धरा, आत खुपसू नका आणि शक्यतो कातडीला टेकवूही नका. द्रावण नळी भरून वर दिसू लागेपर्यंत सोडा. बहुतेक लोक इथे हात आखडता घेतात आणि दोनच थेंब घालतात. तेवढ्याने ते वळणापर्यंत पोचत नाही.

मग पाळी खाली सोडा आणि कानाच्या मुळाशी, गालाच्या मागच्या बाजूला, बोटांनी चाचपून पाहा. तिथे कातडीखाली एक लवचीक, नळीसारखी कूर्चा हाताला लागते. अंगठा आणि दोन बोटे यांच्यामध्ये ती धरून वीस ते तीस सेकंद हळूहळू चोळा. हात योग्य जागी असेल तर आतून चुबुक-चुबुक असा ओला आवाज येतो, आणि तो ऐकू आला की द्रावण खालपर्यंत पोचून मळ सुटू लागला आहे असे समजावे. दुखत नसेल तर बहुतेक कुत्र्यांना हे चोळणे इतके आवडते, की ते सगळे डोके तुमच्या हातावर टाकून देतात. चोळताना तो कण्हला किंवा अंग आकसून घेऊ लागला, तर तिथेच थांबा आणि तो कान पशुवैद्यांना दाखवा.

यानंतर हात काढून घ्या, पंचा पुढे धरा आणि त्याला मनसोक्त डोके झटकू द्या. खोल भागातला मळ वर आणण्याचे काम हे झटकणेच करते. आपल्या कोणत्याही काडीला ते इतके सुरक्षितपणे जमणार नाही. मग बोटाला गॉज किंवा कापूस गुंडाळून पाळीची आतली बाजू, तिच्या घड्या आणि कानाचे तोंड पुसून घ्या. बोट सहज जाईल तेवढेच आत न्यायचे, म्हणजे साधारण पहिल्या पेरापर्यंत. कुत्र्याची नळी बोटाच्या मानाने इतकी लांब असते, की या मर्यादेत तुमच्या हातून पडद्याला धक्का लागत नाही. कापसावर पुष्कळ मळ आला तर हे सगळे आणखी एकदा करा, पण कापूस पांढराशुभ्र येईपर्यंत घासत बसू नका. दुसऱ्या कानासाठी नवा कापूस घ्या. पुसल्यावर कापसाकडे नीट पाहण्याची आणि त्याचा वास घेण्याची सवय ठेवा. काही महिन्यांत तुम्हाला तुमच्या कुत्र्याचा कान इतका ओळखीचा होईल, की बिघाडाची चाहूल आमच्याआधी तुम्हालाच लागेल.

किती वेळा, असे तुम्ही विचारलेले नाही, तरी दर रविवारचा उल्लेख केला आहे म्हणून लिहितो. पाहणे आठवड्यातून एकदा आणि साफ करणे गरजेपुरते, असा नियम ठेवावा. उभ्या कानांच्या कित्येक निरोगी कुत्र्यांना द्रावणाची वर्षानुवर्षे गरज पडत नाही. स्पॅनियल जातीचे कान लांब, जड आणि केसाळ असतात, त्यांच्या नळीत मळ तयार करणाऱ्या ग्रंथीही अधिक असतात, त्यामुळे मोतीला महिन्यातून एकदोनदा सफाई लागू शकेल. नेमके अंतर त्याचा कान बरा झाल्यावर पशुवैद्यांकडून ठरवून घ्या. गरजेपेक्षा जास्त साफ केल्यास अस्तर सतत ओले राहून भुसभुशीत होते, आणि ज्याच्या भीतीने आपण साफ करत होतो तोच संसर्ग होतो. अंघोळ घातल्यावर किंवा कुत्रा पोहून आल्यावर मात्र पाळी उचलून आतली बाजू कोरड्या कापडाने टिपून घ्यावी, आणि त्याला पोहण्याची आवड असेल तर कान कोरडा करणारे द्रावण पशुवैद्यांना विचारून ठेवावे. अंघोळीच्या वेळी कानाच्या तोंडाशी कापसाचा मोठा बोळा हलकेच ठेवला तर पाणी आत जात नाही. तो आठवणीने काढा. नळीतले केस ओढून उपटू नका. निरोगी कानातले केस कोणाला त्रास देत नाहीत, आणि उपटल्याने होणारी इजा मात्र त्रासाला सुरुवात करून देऊ शकते. पाळीच्या आतल्या बाजूचे आणि कानाखालचे लांब केस बोथट टोकाच्या कात्रीने किंवा यंत्राने आखूड ठेवले, की हवा खेळती राहते आणि एवढे पुरते.

राहिला पलंगाखाली जाऊन बसणारा मोती. मला या पत्रातली सर्वांत अधिक चिंता खरे तर त्याचीच वाटली, कारण कान औषधाने बरा होतो, पण हात उचललेला पाहून घाबरणारे कुत्रे लवकर सावरत नाही. त्याला ओढून बाहेर काढू नका आणि धरून ठेवून ‘एकदाचे उरकून’ घेऊ नका. दुखऱ्या कानाला धरलेला अतिशय गुणी कुत्राही चावू शकतो, आणि तो त्याचा दोष नसतो. वेदना पूर्ण थांबली आहे असे पशुवैद्यांनी सांगितल्यावर अगदी पहिल्यापासून सुरुवात करा. पहिले काही दिवस नुसता मानेला हात आणि लगेच खाऊ. मग कानाला क्षणभर स्पर्श आणि खाऊ. मग पाळी उचलणे. त्यानंतर बाटली नुसती जमिनीवर ठेवायची, त्याने ती हुंगली की खाऊ. मग कोरडा कापूस पाळीवरून फिरवणे. रोज दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ हे करू नये, आणि त्याने मान फिरवली, ओठ चाटले किंवा कान मागे घट्ट दाबले तर त्या दिवशी एक पायरी मागे यावे. खाऊ स्पर्शानंतर द्यायचा, आधी नाही. आधी दाखवला तर खाऊ दिसला की आता कान धरणार, एवढेच तो शिकतो. बाटलीतून ओतल्याचा आवाज किंवा ती धार अनेक कुत्र्यांना सहन होत नाही. तसे झाले तर कापसाचा मोठा बोळा द्रावणात चांगला भिजवून कानाच्या तोंडाशी ठेवावा, पाळी त्यावर दाबून द्रावण आत उतरू द्यावे आणि नेहमीप्रमाणे मुळाशी चोळावे. जागा आणि वेळही बदला. रविवारची ती जागा त्याच्या लक्षात बसलेली आहे.

औषध सुरू झाल्यावर आणखी एक प्रश्न येईल, तो म्हणजे थेंब आणि सफाई यांचा मेळ कसा घालायचा. काही औषधांच्या आधी कान साफ करावा लागतो, तर काही दीर्घकाळ टिकणारी औषधे पशुवैद्य स्वतः कानात घालतात आणि ती असेपर्यंत कान अजिबात धुवायचा नसतो. म्हणून दवाखान्यातून निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या : कान साफ करायचा का, किती दिवसांनी करायचा, आणि सफाईनंतर थेंब घालण्यापूर्वी किती वेळ थांबायचे. वास आणि खाज पहिल्या काही दिवसांतच कमी होते, आणि तिथेच बरेच लोक औषध थांबवतात. तसे करू नका. सांगितलेले दिवस पूर्ण करा आणि फेरतपासणीला न्या, कारण वरून कोरडा दिसणारा कान वळणाच्या पलीकडे अजून सुजलेला असू शकतो, आणि वारंवार अर्धवट बऱ्या झालेल्या कानाची नळी पुढे जाड व कठीण होत जाते. ती अवस्था फार पुढे गेली तर नळीच शस्त्रक्रियेने काढून टाकण्याखेरीज पर्याय उरत नाही.

आज तुम्ही करावे असे एवढेच : पाळीच्या बाहेरच्या केसांना लागलेली घाण ओलसर कापडाने हलकेच टिपून घ्या, मोतीला पलंगाखालून त्याच्या मर्जीने येऊ द्या आणि पशुवैद्यांची वेळ ठरवा. तो कधीपासून डोके झटकतो आहे, पंजे चाटतो का, अलीकडे पोहला किंवा उंच गवतात गेला होता का, आतापर्यंत कानात काय काय घातले गेले, हे आठवून ठेवा. आणि जाताना इअरबडची ती डबी मोतीला दिसणार नाही अशी पिशवीत घालून बरोबर न्या, म्हणजे त्यांच्या टोकावरचा कापूस सुटतो का हे त्यांना तिथेच पाहता येईल.